नावं कमी करताना

मोरकॅम्बला फेब्रुवारीत पाचच्या आत अंधारतं.
ओहोटी मैलभर मागे सरकलेली,
खाडीत नुसता चिखल चमकतोय,
आणि मी कौन्सिलच्या तिसऱ्या मजल्यावर
यादी काढून बसलेय:
नव्वद दिवसांत ज्यांनी एकदाही
डोमेनचं दार वाजवलं नाही
असे कॉम्प्युटर.

दोनशे सतरा.

माणसांची खाती नव्हेत ही, यंत्रांची.
यंत्रालाही इथे स्वतःचं नाव असतं,
स्वतःचा पासवर्ड,
आणि दर तीस दिवसांनी तो ते बदलतं,
कुणाला न सांगता, रात्री-बेरात्री,
सर्व्हरच्या कानाशी नवा शब्द पुटपुटतं.
पुटपुटणं थांबलं की कुणाला कळत नाही.
एक तारीख फक्त जुनी होत जाते.

गृहनिर्माण-०७. गृहनिर्माण-०८.
त्या खात्याच्या खुर्च्यासुद्धा विकून झाल्या.
पार्किंग-दंड-०२, शेवटचं दिसलं ऑगस्टात.
ग्रंथालय-हेशम-०३,
आणि त्याच्या वर्णनाच्या रकान्यात
कुणीतरी लिहून ठेवलेलं:
"हळू आहे. दोनदा दाबू नका. थांबा."
खाली नुसतं "प."
हा प कोण, की ही प,
रिझवानला विचारलं, त्यालाही आठवेना.
ते ग्रंथालय बंद होऊन तीन वर्षं झाली.
मी ओळ परत वाचली
आणि चौकटीत टिक केली.

आमच्याकडे रेशनकार्डावरून नाव कमी करतात.
खोडत नाहीत, पुसत नाहीत. कमी.
माझं झालं तेव्हा सासवडच्या कचेरीतला कारकून
दादाला म्हणाला,
"बाई परत आल्या, तर नव्यानं अर्ज."
तोच नियम मी इथे राबवते,
पगार घेऊन.

एकदम उडवायचं नसतं.
आधी निष्क्रिय करायचं,
वेगळ्या फोल्डरात नेऊन ठेवायचं,
महिनाभर वाट बघायची.
"ओरडलं कुणी, तर जिवंत," रिझवान म्हणतो.
कुणी ओरडलं नाही.
एकोणीस मार्चला दोनशे सतरा नावं
एका ओळीच्या आज्ञेनं गेली.
चहा अजून गरम होता.

मेचा पहिला शनिवार.
फोनवर बेरिल एंटविसल,
तळ्याकाठच्या पॅडल-बोटींच्या तिकीट-खिडकीतून:
"लव्ह, ह्याला झालंय काय?
म्हणतंय, विश्वासाचं नातं तुटलंय.
मी तर ऑक्टोबरात त्याला
ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं होतं."

वाक्य खरंच तसंच येतं स्क्रीनवर:
या यंत्राचं आणि डोमेनचं
विश्वासाचं नातं तुटलं आहे.
शेकडो वेळा वाचलंय मी.
कुणाच्या तोंडून
पहिल्यांदाच ऐकत होते.

बोट-०१.
ऑक्टोबर ते मे झोपणारं.
माझ्या नव्वद दिवसांत
हिवाळा धरलाच नव्हता.

गेले. वाऱ्यानं खिडकीची फळी आपटत होती.
बेरिलनं व्हिनेगर मारलेले चिप्स पुढे केले.
कीबोर्डच्या फटींत ब्लँकेटची निळी लोकर;
ती पिनेनं काढत बसले आधी,
खरं तर त्याची काही गरज नव्हती.
मग डोमेनला परत जोडलं, रीस्टार्ट केलं.
नाव तेच दिलं,
पण आतला ओळख-क्रमांक नवा असतो अशा वेळी,
सर्व्हरच्या लेखी हे कुणी दुसरंच.
बेरिलला ते सांगितलं नाही.
"आलं बघ शहाणं," ती म्हणाली
आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

वर्णनाचा रकाना रिकामा होता.
लिहिलं: "हिवाळ्यात झोपतं. थांबा."
खाली सही करावी का,
ते ठरवता येईना.

बाहेर बेरिल माईकवरून हाका मारत होती,
"चार नंबर, वेळ संपली, या आता,"
आणि चार नंबरमधला लाल टोपीचा पोरगा
पाय पुरत नसताना
तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला निघाला होता.