आवडाबाईची बाकी

मोडीतल्या कारकुनाने लिहिलं
आवडी कोम सटवोजी, वस्ती लष्कर.
कोतवालीच्या फारसीत ती मुसम्मात औरी.
गोऱ्यांच्या नकाशात नावच नाही,
कंपूच्या कडेला एक चौकोन
आणि चौकोनातून निघणारा धूर, बारीक पेनाने काढलेला.

तिघी समजून तीन फायली केल्या होत्या मी.
चौथ्या महिन्यात त्या एक झाल्या,
कारण तिन्ही कागदांतलं छप्पर
एकाच संवतात, एकाच रात्री जळालं होतं.

मी काही इतिहासाचा माणूस नव्हे.
एकोणतीस वर्षं जयेंद्रगंज शाखेत
बुडीत कर्जांचे रकाने भरले.
तेव्हा तिची वही दफ्तरातून निघाली
तर आधी आकडेच पाहिले, सवयीने:

नागोजी बारगीर, जेवणं चौदा, आणे चौदा, बाकी.
दौला नालबंद, जेवणं सहा,
पैकी भाकरी एक परत, कच्ची म्हणून.
नाव सांगत नाही, डावा हात नाही, रोज.
पुढे रक्कम नाही.

छावणी तेव्हा गाव व्हायचं की उठायचं
ह्याच घोळात होती.
मेखा उद्या उपटतील म्हणून कोणी भिंत घालेना.
विटांची पहिली वस्तू इथे
तिची चूल असावी. पुरावा एकच,
चुलीवर बसवलेला कर, आणि तो भरला नाही म्हणून
जप्त झालेला हंडा.

हंड्याच्याच तंट्यात एक साक्षीदार सांगतो,
'बाई राजापूरकडची.
पण तिची आमटी तिकडची नव्हे.
आंबट आहे. आंबट निराळं आहे.'

हे वाक्य मी घरी येऊन मोठ्याने वाचलं.
आमसूल एवढ्या लांब कोण आणणार?
अमचूर घातलं असणार बाईने,
तोंड वाकडं करून, पहिल्यांदा तरी.
आमची सून पुण्याची.
लग्नानंतर पहिल्याच दिवशी वाटी खाली ठेवून म्हणाली होती,
बाबा, तुमच्याकडे आमटीत हे काय घालतात?
तेव्हा उत्तर नव्हतं. आत्ताही
आहे असं म्हणवत नाही.

चौकोन होता तिथे जाऊन आलो.
मोबाइलच्या कव्हरांचं दुकान.
पोराला विचारलं, इथे आधी काय होतं?
'अंकल, यहाँ तो शुरू से कवर ही हैं.'
त्याच्याकडून एक घेतलं, हिरवं.
माझ्या फोनला बसत नाही.

वहीचं शेवटचं पान.
सगळ्या बाकीवरून एक तिरपी रेघ,
वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली.
माफ केलं? की निघून गेली
पलटणीमागे चंबळेपलीकडे?
की दफ्तरातल्या कुणा कंटाळलेल्याने
बोरू चालतो का पाहिलं?
बँकेत अशा रेघेला दोन सह्या लागत.
इथे एकही नाही.
कडेला पिवळा डाग आहे. हळद म्हणावी
तर मी म्हणतो,
पण पुराव्यात धरत नाही.

एवढं मात्र भिंगाने तपासलं, दोनदा:
रेघ डावा हात नसलेल्याच्या ओळीपर्यंत येते
आणि तिथे
कागदावरून उचलते,
दोन बोटं पुढे जाऊन पुन्हा टेकते.