ठराव क्रमांक सहा

टॉडमॉर्डनच्या मेथडिस्ट चर्चमागची खोली.
आम्ही नऊ जण, एक किटली,
आणि फक्त विनिफ्रेडच्या पायांना ऊब देणारा हीटर.
सहावा विषय :
पूरस्वयंसेवकांनी ते खातं चालू ठेवावं का.

खातं मी चालवते. सात वर्षं.
नदी किती चढली, कुठला पूल बंद,
वाळूच्या पिशव्या कुणाच्या गॅरेजमध्ये.
लिहिते इंग्रजीत, मोजते अजून मराठीतच :
दीड म्हणजे जागं राहायचं,
पावणेतीन म्हणजे गिरणीगल्लीची तळघरं गेली.

एल्स्पेथ म्हणाली, निघू या.
आपण त्या दुकानात काही घेत नाही, कबूल,
पण दारात उभं राहून गर्दी तर जमवतो.
आपल्या इशाऱ्याच्या खालीच तो मालक
जाहिराती लावतो, आणि त्याच्याही खाली
माणसांना हाकलून द्यायच्या गोष्टी चालतात.

गॉर्डन हॉलरॉइड, तीस वर्षं बस चालवलेला, म्हणाला,
तिकिटावर माणूस कसा आहे ते छापलेलं नसतं.
थांब्यावर उभा आहे ना, मग दार उघडायचं.

मला दवंडी आठवली.
त्यांना सांगायला शब्द सापडेना, गप्प बसले.
दवंडीवाला आळी निवडत नाही.
ज्या आळीत त्याला पाणी विचारत नाहीत
तिथंही हलगी तेवढीच वाजते.
पण हलगीवरच कुणी थुंकू लागलं तर
ती पुसायची किती वेळा, कुणी?

सगळे माझ्याकडे बघत नव्हते,
म्हणजे बघत होते.
माझ्या नावाखाली काय काय येतं
ते त्यांनी वाचलंय.

एक मात्र वाचलेलं नाही.
फेब्रुवारीतली रात्र, अडीच वाजलेले, पाणीही अडीच.
बुलडॉगचं चित्र लावणारा तो,
महिनाभर मला माझ्या गटारात परत पाठवणारा,
खाजगीत लिहितो :
आई एकटी आहे. चौदा नंबर. फोन उचलत नाही. प्लीज.

मी गॉर्डनला उठवलं.
कुणाची आई, ते सांगितलं नाही.
त्यानं म्हातारीला पाठीवर घेतलं,
म्हातारीनं पोपटाचा पिंजरा डोक्यावर.
पहाटे त्याचं उत्तर आलं : टा.
इथले लोक आभार इतक्यातच उरकतात,
मलाही सवय आहे.
चार दिवसांनी पुन्हा गटार.

हात वर करा, विनिफ्रेड म्हणाली.
निघायला चार, राहायला चार.
किटली उगाच पुन्हा उकळली.

माझा हात निघण्याच्या बाजूनं गेला.
तत्त्व म्हणून गेला असता तर बरं वाटलं असतं.
खरं सांगायचं तर मी दमले होते.
गॉर्डननं कपबशा गोळा केल्या,
मला काही बोलला नाही,
माझा कप मात्र धुऊन ठेवला.

शेवटचं लिहिलं :
पातळी सव्वा मीटर, उतरते आहे.
यापुढची माहिती वाचनालयाच्या दारावर,
आणि या नंबरवर.

शनिवारी चौदा नंबरच्या दाराच्या फटीतून
चिठ्ठी सरकवली. मोठ्या अक्षरांत
माझा स्वतःचा फोन. नाव लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
आत पोपट काहीतरी ओरडला.
कुणाकडून शिकलाय, काय म्हणतोय,
ऐकायला थांबले नाही.
नदीच्या बाजूनं घरी आले.
जेमतेम एक.