पेइप्सीच्या बर्फावर

कांद्याच्या वखारीमागे, बुधवारी सहाला,
मी मोठ्या माणसांना गणित शिकवते.
सहाजण. त्यांतले दोघे नुसते भट्टीच्या उबेला येतात.

येवस्ताफीच्या वहीला मासळीचा वास.
"हेल्यूबाई, उणे एकचं वर्गमूळ
असतं तरी कुठे?"
म्हटलं, ऊठ. खिडकीकडे तोंड कर.
डावीकडे वळ, काटकोनात.
आणखी एकदा.
आता खिडकी त्याच्या पाठीशी.
दोन वळणांत तू उणे एक झालास.
पहिल्या वळणावर होतास ना,
तिथल्याला लोक काल्पनिक म्हणतात.
तो हसला नाही.
"आम्ही दोन बोटांनी क्रूस काढणारे, बाई.
असल्या नावांची सवय आहे."

फेब्रुवारीत सीमा.
हा शब्द इथे जपून उच्चारायचा:
सरोवराच्या मधोमध एक आहेच,
बर्फात डहाळ्या रोवलेली; पलीकडे रशिया.

फळ्यावर मी रेघ नाही, बर्फ काढला.
मधे भोक.
रेघेवर वाटा दोनच, इथे मोजून संपत नाहीत.
भोकात काय आहे ते विचारू नका,
जवळ जवळ जाताना काय दिसत जातं ते सांगा.
सरळ या, तिरपे या, घिरट्या घालत या;
सगळ्यांचं उत्तर एकच आलं
तरच सीमा आहे.

मग उदाहरण:
संख्येच्या प्रतिबिंबाला त्याच संख्येनं भागा.
पूर्वेकडून येणारा म्हणतो, एक.
उत्तरेचा म्हणतो, उणे एक.
ईशान्येचा, उणे आय.

येवस्ताफीनं पेन्सिल ठेवली.
"आमच्या नाझारचं असंच."
धाकटा भाऊ. मार्चात, घसरगाडीसकट.
बंदराकडून धावलेले म्हणाले, हाका मारत होता.
बेटाकडचे म्हणाले, चूं नाही.
पहाऱ्यावरच्या शिपायानं दुर्बिणीतून पाहिलेलं,
टोपी हलवत होता म्हणे.
"खोटं कुणीच बोललं नाही.
म्हणजे सीमा नाही, बाई?"

नाही, हे उत्तर पुस्तकात आहे.
मी फडकं उचललं, पुसलं मात्र नाही.
म्हटलं, दिशा सोड. नुसता मापांक घे.
कुठूनही ये,
लांबी एकच भरते. एक.
तिला सीमा आहे.

त्यानं लिहून घेतलं,
काट्यांसारख्या बारीक अक्षरात,
आणि खाली स्वतःच विचारलं:
जवळ म्हणजे किती जवळ?

जाताना दाराला कांद्याची माळ अडकवून गेला.
ती कुठल्या रकान्यात मांडायची
हे शाळेनं अजून कळवलेलं नाही.