काटा

इतवारी एक्स्चेंज, दुसरा मजला.
माझं टेबल तक्रारींचं.
फोन मुका झाला की लोक शेजारच्या फोनवरून
एकशे अठ्ठ्याण्णव फिरवून माझ्यावर ओरडायचे.

मी नंबर विचारायची, चावी दाबायची,
मीटरकडे बघायची.
काटा उसळून खाली आला
म्हणजे तारेच्या शेवटी घंटी आहे.
उसळलाच नाही, तर तार तुटली.
वरच राहिला, तर केबलमध्ये पाणी.
एवढंच शास्त्र. बाकी झिबलभाऊ.

शेहेचाळीस डिग्रीत ओला दुपट्टा बांधून
तो खड्ड्यात बसायचा, चारशे जोड्या मांडीवर,
पांढऱ्यासोबत निळा, नारिंगी, हिरवा.
मग कानात त्याचा आवाज,
"मॅडम, ऐकू येऊन राहिलं का?"

तळमजल्यावर बॅटऱ्या, आंबूस वासाच्या.
लाइट जायची, गावभर कूलर थांबायचे,
रिसीव्हर उचलला तर टोन असायचाच.
तो आम्ही इथून पाठवायचो, अठ्ठेचाळीस व्होल्टवर.
कोणी कधी विचारलं नाही, कुठून येतो.

महालातले अलोणी मास्तर रोज सांगायचे, फोन मेला.
काटा उसळायचा.
झिबलभाऊ जाऊन आला, चहा पिऊन आला.
"फोन चांगला आहे. कोणी करूनच नाही राहिलं."
रजिस्टरमध्ये मी लिहिलं : तपासता बरोबर.
पाचव्या दिवशी रिंगची चावी दाबली,
पंच्याहत्तर व्होल्ट.
"कोण?"
"टेस्टिंग."
"बरोबर येते आहे आवाज," मास्तर म्हणाले,
"तरी उद्या एकदा बघून घ्या."
बघत राहिले. पावणेदोन वर्षं.

पुढे मेट्रोवाल्यांनी रस्ता खणला,
केबल कापली, जोडली, पुन्हा कापली.
मग कोणी तक्रारही करेना.

निवृत्तीच्या दिवशी, डबा धुऊन झाल्यावर,
मी एकेक नंबर दाबत बसले.
काटा पडूनच. पडूनच.
मास्तरांचा दाबला, उसळला.

मास्तर जाऊन अकरा वर्षं झालेली. घराला कुलूप.
बंगळुरूच्या कुठल्याशा खात्यातून भाडं आपोआप कापलं जात होतं.
काट्याला माणूस कळत नाही,
घंटी कळते.

झिबलभाऊ दारात उभा, पिशवी खांद्याला.
"चला ना मॅडम, चार वाजले."
हो म्हटलं.
आणि चावी दाबली.

बारा वेळा वाजू दिलं.