हंगामाच्या मध्यावर

दसरा मैदानाच्या उत्तर टोकाला
चार बांबू : दोन उंच, दोन बुटके.
त्यांच्यामागे मी, अंगात पांढरा कोट.
वीज मंडळाच्या मीटर-तपासणीतला आहे,
निवृत्त झालो तेव्हा कुणी परत मागितला नाही.

उंच बांबूंच्या मधून चेंडू गेला, दोन्ही झेंडे : सहा गुण.
उंच आणि बुटक्याच्या फटीतून गेला, एक झेंडा : एक.
थोडक्यात हुकल्याचाही गुण देणारा
दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.
दिघेबाई त्याला ‘कडेचा’ म्हणतात.
आता सगळ्या मुली म्हणतात, नगमा कुरेशीसुद्धा,
‘कडेचा हो गया, अंकल.’

अर्धा हंगाम संपला.
बाईंनी पोह्यांच्या गाडीपाशी गाठलं,
जिरावनाची बोटं पुसत म्हणाल्या,
सुधारणा आहे की नाही? एका शब्दात सांगा.
मी एकतीस वर्षं मीटर वाचले.
मीटर एका शब्दात काही सांगत नाही.
वही घरी नेली.

देवासकडून हार, एकसष्ट गुणांनी.
महूकडून चौऱ्याहत्तर.
उज्जैन बावन्न, धार सत्तेचाळीस.
मग पुन्हा धार : एकोणीस.
मग उज्जैनला चार गुणांनी हरवलं.
मुली टेम्पोत नाचत राजवाड्यापर्यंत गेल्या,
पण त्या दिवशी उज्जैनच्या दोन उंच मुली
रतलामला लग्नाला गेल्या होत्या.
हे लिहायला हवं. लिहिलं.

गेल्या रविवारी परत देवास : फक्त नऊ.
एकसष्टाचे नऊ झाले,
पण वारा दोन पाळ्या आपल्या पाठीशी होता
आणि देवासचा माणूस म्हणाला, आमच्या मुलींच्या परीक्षा आहेत.
हेही लिहिलं.
एवढं सगळं वजा केल्यावर काय उरतं
ते पाहत बसलो, रात्री अकरापर्यंत.

उरते भूरी डावर.
हा चेंडू लांबट, दोन्हीकडे टोकं काढलेला.
टप्पा घेऊन कुठे जाईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.
डिसेंबरात भूरी थांबायची, तो यायची वाट पाहायची,
आणि तो शहाण्यासारखा दुसरीकडे जायचा.
आता ती थांबत नाही.
जिथे पडेल असं वाटतं तिथे आधीच पोचते.
चारदा चुकते. पाचव्यांदा तिच्या पोटाशी चेंडू असतो.

उरतो आवाज.
पहिले चार सामने मैदानात एकट्या बाई ओरडत होत्या.
आता केतकी सरमंडल नगमाला हाक मारते,
नगमा भूरीला, भूरी कुणाला तरी, भिलीत,
आणि जिला कळायचं तिला ते कळतं.

आणि उरतो कडेच्यांचा रकाना.
पहिल्या चार सामन्यांत : दोन, एक, एक, तीन.
गेल्या तिघांत : अकरा, नऊ, तेरा.
हुकायलासुद्धा बांबूंपर्यंत यावं लागतं.
डिसेंबरात मी या टोकाला उभा राहून
अर्धा-अर्धा तास चिमण्या मोजल्यात.

बाईंना एवढंच कळवलं : मीटर चालू आहे.
त्या म्हणाल्या, हे काय उत्तर झालं, अण्णा?
नसेल झालं.

एक गोष्ट मात्र वहीत नाही.
रविवारी शेवटच्या मिनिटाला केतकीने दुरून किक मारली,
चेंडू उंच, सरळ, माझ्याच डोक्याकडे येत गेला
आणि डाव्या उंच बांबूवर आदळला.
बांबूला लागला तर एकच, हा नियम.
सामना तसाही गेलाच होता, सहानेही भागलं नसतं,
तरी माझा दुसरा हात झेंड्यासकट
कोपरापर्यंत वर आला होता.
मी तो खाली घेतला.
‘अंकल, छे कि एक?’ भूरीने लांबून विचारलं.
एक, मी म्हणालो.
बांबू बराच वेळ हलत राहिला.
पुढच्या रविवारी महू येतंय,
त्याआधी त्याच्या बुडाशी चार विटा ठोकायला हव्यात,
आणि सुतळी नको, काथ्याचा दोर.