अर्थ

पहाटे साडेचारला फोन.
"निजामभाई, गाडी नुसती टक म्हणते."
एकदाच टक, का टकटकटकटक?
"एकदाच. मग गप."

टकटक असती तर पोराला पाठवला असता चार्जर घेऊन.
एका टकला मलाच उठावं लागतं.

भिलवडीपासून अंकलखोपपर्यंत धुकं,
पुढं उसाची ट्रॉली, तिला ना लाल दिवा ना लाज.
डेअरीच्या दारात मगदूम वहिनींचा पिकअप,
मागं अठरा कॅन.
दूध कुणासाठी थांबत नाही.

दोघे आधीच हजर.
एक म्हणतो बॅटरी गेली.
दुसरा म्हणतो, धक्का मारू, होतंय सुरू.
होतंय की.
पण का बंद पडली, ते धक्क्याला कुठं कळतं?

वहिनी, हेडलाइट लावा. आता चावी.
टक.
दिवा जरासा लवला, झोपला नाही.
म्हणजे घरात धान्य आहे, चुलीपर्यंत जात नाही.

मीटर लावला. बॅटरीवर बारा पॉइंट सहा.
लाल वायर पाहिली, ती सरळ.
मग एक टोक निगेटिव्हला, एक इंजिनच्या अंगाला.
मारा चावी.
पाच पॉइंट चार!
जिथं पॉइंट दोनसुद्धा जास्त,
तिथं निम्मा करंट वाटेतच बसलेला.

जंपर केबल घेतली, फक्त काळी,
बॅटरीतून थेट इंजिनच्या कानाला.
घर्रर्र.
दूध गेलं.

नऊला वहिनी गाडी घेऊन दुकानात आल्या.
मी खाली शिरलो.
अर्थची पट्टी वरून झकास होती.
बोल्ट सोडवला तर खाली हिरवी बुरशी,
आणि तिच्या आत पिठासारखा बारीक, पिवळट
नदीचा गाळ.

हा गाळ मी ओळखतो.
माझ्या दुकानात तो छताच्या पत्र्यापर्यंत होता.

फ्यूजबॉक्सचं झाकण उघडलं.
आत पांढरी चिकटपट्टी, बॉलपेननं लिहिलेलं:
वायरिंग ओके. निजाम.
अक्षर माझंच. ओकेच्या खाली दोन रेघा.

त्या महिन्यात एक्केचाळीस गाड्या होत्या रांगेत,
ब्रश, पेट्रोल आणि पार्लरमधून मागून आणलेला ड्रायर.
एकेक जोड उघडून वाळवला होता,
असं मी सगळ्यांना सांगत आलोय.
हा बोल्ट हाताला अवघड होता.

"काय होतं हो?" वहिनींनी विचारलं.
अर्थ लागत नव्हता.
"कशाचा?"
कशाचा म्हणजे, इंजिनचा. बॉडीशी.
लावायचा राहिला होता. माझ्याकडनं.

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.
पदरानं हात पुसत त्यांनी हिशेब केला,
मनातल्या मनात, पण ओठ हलत होते.
"मग त्या दोन बॅटऱ्या? स्टार्टर?"

स्टार्टर दुसऱ्याकडनं भरून घेतलेला.
बॅटऱ्या माझ्याकडनंच घेतल्या होत्या,
जुन्या मोडीत देऊन.

वर, माळ्याखाली, दुकानाचा दिवा जळत होता.
लाईट सकाळपासून नव्हती.
तो दिवा तीन वर्षं वहिनींच्याच एका बॅटरीवर चाललाय,
एकदाही मान न टाकता.
रोज त्याच्याच उजेडात मी दुसऱ्यांचे फॉल्ट शोधतो.

पाना खाली ठेवला. शिडी ओढली.
थांबा वहिनी, म्हटलं,
काढून देतो.