समासातली पेन्सिल

कंबर तलावाला तीन फेऱ्या झाल्या की
माझा उजवा गुडघा बोलायला लागतो.
काय बोलतो ते कळावं,
एवढ्यासाठीच पुस्तक हवं होतं.

नवी पेठेतल्या दुकानदारानं
आधी उपवासाचे पदार्थ दाखवले,
मग योगासनं.
धावण्याचं, म्हटल्यावर म्हणाला,
भरतीचं का? मुलासाठी?
मुखपृष्ठावर छाती काढलेला पोरगा,
आत सोळाशे मीटर, गोळाफेक, मागचे पेपर.
माझ्यासाठी, म्हणाले.
त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं.

एक घेतलं तरी, गुळगुळीत कागदाचं.
त्यातला धावपटू चारला उठतो, बूट बांधतो, निघतो.
त्याला कुणी विचारत नाही कुठे.
भरपूर पाणी प्या, म्हणतं पुस्तक.
आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी, रात्री दोनला.
त्या पहाटे मी धावत नाही,
घागरी धावतात.

अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची
मांडी न हलवता.
घरच्या तेलुगूत धावण्याला परुगु म्हणतात,
पण तो शब्द तिच्या तोंडी यायचा
तो फक्त दूध उतू जाताना.

शेवटी पूर्व भागातलं वाचनालय.
हंचाटेबाई स्टुलावर चढल्या,
वरच्या फळीवरून धूळ माझ्या डोक्यावर पडली,
आणि एक पुस्तक, विटलेल्या टॉवेलच्या रंगाचं.
दोनशे पानं. स्त्रियांसाठी दीड.
त्या दीड पानात पाच वेळा 'जपून'.

मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला आहे.
सुटलेला धागा डोळ्याआधी बोटाला कळतो.
तसाच समास लागला बोटाला:
पेन्सिल, बारीक, दाबून लिहिलेली.

छापलंय: त्या दिवसांत पूर्ण विश्रांती घ्यावी.
शेजारी: दुसऱ्या दिवशी धावले. काही झालं नाही.
जरा कंबर मोकळी वाटली.

छापलंय: सैल कपडे वापरावेत.
शेजारी: आतून दोन घालायची, एकावर एक.
काचलं तर खोबरेल.

कुत्र्यांबद्दल पुस्तक गप्प आहे.
ती नाही: दगड मारायचा नाही.
नुसतं वाकायचं, उचलल्यासारखं.
(माणसांनाही चालतं, असं खाली,
आणि मग ते खोडलेलं.)

पान चौपन्न: गुडघा चढावर नाही, उतारावर दुखतो.
पावलं आखूड.

हे वाचून मी तिथेच, बाकावर,
उजवा पाय लांब करून बसले.

पान साठ: दीर आले. आठ दिवस खाडा.
पान एकाहत्तर: आज पहिल्यांदा मोजलं नाही.
त्यानंतर समास कोरा.
मी शेवटपर्यंत उलटत गेले,
उजेडात धरून पाहिलं, खोडलेलं तरी काही असेल.

मागच्या चिठ्ठीवर नाव नसतं, फक्त सभासद क्रमांक:
चारशे बारा. शिक्का चौऱ्याण्णवचा.
हंचाटेबाईंनी नोंदवही काढली.
तीनशे नव्वदपासून पुढचं वाळवीनं वाचलं होतं.

बाळंतपण असेल. बदली असेल.
हंचाटेबाई म्हणाल्या, पेन्सिल संपली असेल.
आम्ही दोघी हसलो, फार नाही.

दारामागे पाटी आहे:
पुस्तकात लिहिल्यास दहा रुपये दंड.
मी वीस ठेवले टेबलावर.
त्यांनी पावती फाडली, कारण लिहिलं नाही,
आणि कानामागची पेन्सिल काढून दिली.

पान बहात्तर. बराच वेळ टोक कागदावर तसंच.
मग लिहिलं:
पाणी येतं त्या दिवशी सुट्टी धरावी.
घागरी दोन्ही हातांनी, आलटूनपालटून.
उतारावर पावलं आखूड केली.
गुडघा बोलतो अजून, पण हळू.

आणि त्याखाली, वळणदार काढायला गेले तर
वाकडाच आला,
माझा सभासद क्रमांक.